कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि मन : तारीख मिळाल्यापासून फॉलोअपपर्यंत काय करायचं

ऑपरेशनच्या आदल्या रात्री वॉर्डात फेरी मारली की एक दृश्य हमखास दिसतं. पेशंट डोळे मिटून पडलेला असतो, पण चादरीखाली पायाचा अंगठा सारखा हलत असतो. "झोप लागली का?" म्हटलं की उत्तर येतं, "हो, आत्ताच लागत होती." स्टुलावर बसलेला नातेवाईक मान डोलावतो, मीही डोलावते. कोणीच झोपलेलं नाही हे तिघांनाही ठाऊक असतं.

शस्त्रक्रिया विभागात समुपदेशन करताना माझी दोन मतं पक्की झाली आहेत. पहिलं, भीती घालवायच्या मागे लागू नये. ती जात नाही, आणि जायलाच हवी असा हट्ट धरला की 'मी मनाने कच्चा आहे' ही दुसरी भीती तिला येऊन चिकटते. त्यापेक्षा तिचे तुकडे करावेत. 'माझं कसं होणार?' याला कोणाकडेच उत्तर नसतं. 'शुद्धीवर येईन तेव्हा नाकात नळी असेल का?' याला असतं. दुसरं, सगळं घर ऑपरेशनच्या दिवसासाठी कंबर कसतं, पण मन बहुतेक वेळा खचतं ते घरी आल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. त्यामुळे हा लेखही तिथे जास्त रेंगाळणार आहे.

मनाचा आणि टाक्यांचा संबंध

ताण म्हणजे नुसतं वाईट वाटणं नव्हे. धास्तावलेलं शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची हार्मोन्स सोडतं. नाडी वाढते, झोप तुटते, स्नायू आखडतात आणि आखडलेल्या स्नायूंमुळे जखम जास्त दुखते. कॉर्टिसॉल बरेच दिवस चढलेलं राहिलं तर जखम भरून काढणाऱ्या पेशींचं कामही मंदावतं. १९९५ साली अमेरिकेत एक छोटा पण नेमका प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया, प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम मुद्दाम केली गेली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले.

हे वाचून 'तू टेन्शन घेतलंस म्हणून टाके चिघळले' असं म्हणायला घरच्यांना निमित्त मिळू नये. टाके चिघळण्यामागे जंतुसंसर्ग, मधुमेह, तंबाखू, कुपोषण अशी कितीतरी कारणं असतात. मुद्दा एवढाच की मनाची तयारी हे फावल्या वेळातलं काम नाही, ते उपचारातच मोडतं. याचा जुना पुरावाही आहे. १९६४ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पोटाचं ऑपरेशन होणाऱ्या ९७ रुग्णांपैकी निम्म्यांना भूलतज्ज्ञांनी आधीच सांगून ठेवलं, की कुठे दुखेल, का दुखेल आणि अंग सैल सोडून ते कसं कमी करता येईल. या रुग्णांना वेदनाशामक मॉर्फिनसारखी औषधं जवळजवळ निम्मी पुरली आणि ते सरासरी २.७ दिवस आधी घरी गेले. नवं औषध कोणतंच नव्हतं. नीट सांगितलं होतं, इतकंच.

पायरी १ : तारीख मिळाली की एक वही करा

मोबाइलमधली टिपण नको, कागदाची वही हवी, कारण ती घरातल्या कोणालाही उघडता येते. डॉक्टरांसमोर बसल्यावर 'कर्करोग' हा शब्द ऐकल्यानंतरचं बरंचसं बोलणं कानावरून जातं. मी कितीतरी जणांना "हो, हो" म्हणत बाहेर येताना आणि दाराशीच "काय म्हणाले हो ते?" असं विचारताना पाहिलं आहे. म्हणून सोबत एक माणूस न्या. त्याचं काम फक्त लिहून घेण्याचं. डॉक्टरांची हरकत नसेल तर बोलणं रेकॉर्ड करा.

वहीत प्रश्न लिहा, आणि ते असे लिहा की त्यांना उत्तर देता येईल. ऑपरेशन अंदाजे किती तास चालेल? नंतर आयसीयूत ठेवणार का? अंगावर कोणकोणत्या नळ्या असतील आणि त्या कधी निघतील? पहिल्यांदा उठून कधी बसवाल? दुखलं तर कोणाला सांगायचं, रात्री दोन वाजता सुद्धा? बोलणं, गिळणं, लघवी-शौच, हात वर करणं यांतलं काय बदलेल आणि त्यातलं काय परत येईल? गाठीचा अंतिम रिपोर्ट किती दिवसांनी? ऑपरेशननंतर केमो किंवा रेडिएशन लागण्याची शक्यता आहे का? हा शेवटचा प्रश्न आधीच विचारलेला बरा. 'ऑपरेशन झालं की सुटलो' अशी मनाची समजूत झालेली असते आणि नंतर पुढच्या उपचारांची यादी हातात पडली की मोठा धक्का बसतो.

सगळ्यांना सगळं कळायला हवं असतं असंही नाही. काहींना तपशिलाने धीर येतो, काहींची घालमेल वाढते. तुम्ही दुसऱ्या गटातले असाल तर तसं सांगा : "मला मुख्य तेवढं सांगा, बाकीचं बहिणीला." यात पळपुटेपणा नाही. पण रुग्णाला न विचारता नातेवाइकांनीच "बाबांना काही सांगू नका" असं परस्पर ठरवणं वेगळं. बाबांना बहुधा माहीत असतं. मग ते तुमच्यासाठी माहीत नसल्याचं नाटक करतात आणि तुम्ही त्यांच्यासाठी, आणि दोघंही एकटे पडता.

पायरी २ : ताणाला आकडा द्या

कर्करोग रुग्णांसाठी वापरलं जाणारं एक साधं साधन आहे, ताणाचा थर्मामीटर. कागदावर ० ते १० अशी उभी पट्टी काढायची. ० म्हणजे अजिबात ताण नाही, १० म्हणजे सहन होणार नाही इतका. गेल्या आठवडाभरात तुम्ही कुठे होतात तिथे खूण करायची. आकडा ४ किंवा त्याच्या वर असेल तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला सांगायचं. "मला कसंतरी होतंय" याला गर्दीच्या ओपीडीत "होईल ठीक" असं उत्तर मिळतं. "माझा आकडा ७ आहे आणि चार रात्री झोप नाही" म्हटलं की समोरचा पेन खाली ठेवतो.

आकड्याच्या बाजूला कारणही लिहा. ते बऱ्याचदा मृत्यूचं नसतंच. पैसे, नोकरीवरची रजा, म्हाताऱ्या आईकडे कोण बघणार, ऑपरेशनच्या टेबलावर अंगावर कपडे असतील का. शेवटचं कारण मला एका वयस्क गृहस्थांनी सांगितलं होतं, तीन दिवस आढेवेढे घेऊन. नर्सने दोन वाक्यांत खुलासा केला आणि त्यांचा आकडा ८ वरून ५ वर आला.

याच पायरीवर भूलतज्ज्ञांशी मोकळेपणाने बोला. झोपेच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनाने बंद करू नका आणि लपवूही नका. दारू रोजची असेल तर खरं प्रमाण सांगा. अचानक तुटलेल्या दारूमुळे ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, झटके येऊ शकतात, आणि आधी माहीत असेल तर ते टाळता येतं. तंबाखू आणि सिगारेट जितकी लवकर सुटेल तितकं चांगलं, जमलं तर किमान चार आठवडे आधी.

पायरी ३ : तहान लागण्याआधी विहीर

सैल होण्याची कला ऑपरेशनच्या सकाळी शिकता येत नाही. हाताशी आठ-दहा दिवस असतील तर रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं हे करा. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. बाहेर जाणारा श्वास लांबला की नाडी खाली येते. मग एकेक स्नायू : मूठ घट्ट आवळा, पाच मोजा, सोडा. खांदे कानांपर्यंत उचला, सोडा. कपाळ, जबडा, मांड्या, पोटऱ्या. आवळणं हे निमित्त, सोडताना काय वाटतं तिकडे लक्ष द्या. ऑपरेशननंतर मात्र टाक्यांजवळचे स्नायू वगळायचे.

सोबत चालणं, आणि डॉक्टरांनी चेंडू वर उचलायचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर त्याचा सराव. याने फुप्फुसं तयार होतात ते आहेच, पण आणखी एक फायदा होतो. निदान झाल्यापासून सगळं आपल्यावर 'केलं जात' असतं, इथे आपण काहीतरी करत असतो.

पायरी ४ : घरात काय बोलायचं

मुलांना सांगा. घरात काहीतरी घडतंय हे त्यांना कळतंच, आणि न सांगितलेलं ती स्वतःच्या कल्पनेने भरून काढतात. लहान मुलांना तीन गोष्टी पुरतात : हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, हात लावल्याने तो होत नाही, आणि मी दवाखान्यात असेन तेव्हा तुझ्याजवळ अमुक माणूस राहील. आजाराचं नावही सांगून टाका. नाहीतर ते शेजारून कळतं.

मोठ्यांसाठी एक विनंती. "खंबीर राहा", "मनाचं घेऊ नकोस" ही वाक्यं जरा आवरा. ती मायेपोटीच येतात, पण ऐकणाऱ्याला त्यात 'रडायचं तर दुसरीकडे' असं ऐकू येतं. "आज कशाची जास्त भीती वाटतेय?" असं विचारून गप्प बसणं हे त्याहून अवघड आणि त्याहून उपयोगाचं.

पायरी ५ : ऑपरेशनचा दिवस

चष्मा, श्रवणयंत्र, कवळी एका डबीत नाव घालून नातेवाइकाकडे द्या आणि शुद्धीवर आल्यावर लगेच परत मागा. किती वाजल्यापासून पाणीही घ्यायचं नाही हे आदल्या दिवशी नक्की विचारा. ट्रॉलीवरून जाताना छताचे दिवे एकामागून एक मागे सरकतात, तेव्हा पोटात गोळा येतो. एकेका दिव्याला एक लांब श्वास सोडत जा. जागं होताना हुडहुडी भरू शकते, घसा खवखवू शकतो, कधी विनाकारण रडू येतं. यातलं काहीच बिघाडाचं लक्षण नाही.

बाहेर बसलेल्यांसाठी : सांगितलेल्या वेळेपेक्षा दोन तास उलटले म्हणजे काही बिनसलं असं नव्हे. भूल द्यायला, आधीचं ऑपरेशन संपायला, नंतर जागं करायला वेळ जातो.

पायरी ६ : रुग्णालयातले दिवस

दुखणं सहन करणं हा पराक्रम नाही. वेदना शिगेला पोहोचल्यावर औषध घेतलं तर ते जास्त लागतं आणि उशिरा लागू पडतं. ० ते १० मध्ये आकडा सांगा, आणि खोकताना, कूस बदलताना किती दुखतं तेही सांगा, कारण निपचित पडल्यावर कोणालाही कमीच दुखतं. 'गोळ्यांची सवय लागेल' ही शंका मनात न ठेवता डॉक्टरांना विचारा. ठरलेल्या डोसमध्ये, थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या औषधाने तो धोका कमी असतो. दुखण्यापायी खोल श्वास घ्यायचं आणि चालायचं राहून गेलं, तर मात्र न्यूमोनियाला आमंत्रण मिळतं.

वयस्क रुग्ण पहिल्या दोन-तीन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, सलाइन ओढू लागला किंवा उलट अगदी गप्प, गुंगीत राहिला, तर त्याला वेड लागलेलं नाही. याला सन्निपात म्हणतात. संसर्ग, पाणी कमी पडणं, तुंबलेली लघवी, औषधं, मोडलेली झोप अशी कारणं त्यामागे असतात आणि ती शोधावी लागतात. लगेच नर्सला सांगा. तुमच्या हातात आहे ते असं : चष्मा-श्रवणयंत्र घालणं, समोर घड्याळ ठेवणं, दिवसा खिडकी उघडी आणि रात्री दिवा मंद, ओळखीचा एक चेहरा जवळ. वाद घालू नका.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा बजावते. ऑपरेशननंतर अचानक दम लागला, छातीत दुखलं, एकाच पायाची पोटरी सुजली, तर 'घाबरल्यामुळे होतंय' असं स्वतःच ठरवू नका. रक्ताची गुठळी फुप्फुसात गेली तरी अशीच घाबरगुंडी उडते. आधी डॉक्टर, मग श्वासाचे व्यायाम.

आता आरशाबद्दल. स्तन काढलेल्या एक बाई ड्रेसिंगच्या वेळी चार दिवस छताच्या पंख्याकडे बघत राहिल्या. पाचव्या दिवशी त्यांनी पर्समधला पावडरचा छोटा आरसा काढला, जखमेचं एक टोक पाहिलं, आरसा मिटला आणि म्हणाल्या, "आज एवढंच." हीच योग्य गती. आधी कपड्यावरून हात ठेवा, मग ड्रेसिंग करताना नजर टाका, मग छोटा आरसा, मग मोठा. पहिल्यांदा बघताना नर्स जवळ असू द्या. लाल, सुजलेलं, वाकडं दिसतंय त्यातलं बरंच काही महिन्यांत बदलेल हे ती सांगू शकते. जोडीदाराने कधी पाहायचं हेही रुग्णाने ठरवायचं. स्टोमाची, म्हणजे शौच किंवा लघवीसाठी पोटावर केलेल्या छिद्राला लावायची पिशवी असेल तर घरी जाण्यापूर्वी ती स्वतःच्या हाताने निदान दोनदा बदला. स्वरयंत्र किंवा जबड्याचं ऑपरेशन असेल तर पाटी आणि खडू, किंवा 'दुखतंय', 'तहान', 'गुदमरतंय' असे शब्द लिहिलेला पुठ्ठा आदल्या दिवशीच तयार ठेवा. आवाज नसताना कोणालाच काही कळत नाही, ही भीती फार मोठी असते.

पायरी ७ : रिपोर्टची वाट

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला साधारण आठवडा-दोन आठवडे जातात. हे दिवस सगळ्यांत चिवट. दिवसातली ठरावीक वीस मिनिटं काळजीसाठी राखून ठेवा, संध्याकाळची, पण झोपण्याच्या तोंडावरची नको. एरवी विचार आला की वहीत एक ओळ लिहायची आणि त्याला 'संध्याकाळी ये' म्हणायचं. हास्यास्पद वाटतं, पण बऱ्याच जणांना जमतं. रिपोर्ट ऑनलाइन मिळणार असेल तर तो डॉक्टरांच्या समोरच उघडायचा की आधी, हे आजच ठरवा. रात्री अकराला एकट्याने उघडलेला आणि इंटरनेटवर शब्द शब्द शोधलेला रिपोर्ट किती रात्री खातो, ते मी पाहिलेलं आहे.

पायरी ८ : घरी आल्यावरचा तिसरा आठवडा

पहिले काही दिवस घर भरलेलं असतं. मग भेटायला येणारे कमी होतात, फोन थांबतात, घरातले कामावर जातात. टाके निघालेले असतात, 'आता तब्येत छान दिसते' असं सगळे म्हणतात, आणि नेमकं तेव्हा रुग्ण दुपारी भिंतीकडे तोंड करून झोपायला लागतो. आतापर्यंत शरीर लढाईच्या तयारीत होतं. काय झालं, काय गेलं, हे बघायला मनाला आता कुठे सवड मिळते. हे कृतघ्नपणाचं लक्षण नाही. शरीराचा एक भाग गेला, तर त्याचं दुःख होणारच.

या काळासाठी मी वहीत तीनच रकाने आखायला सांगते. रोज एक काम शरीरासाठी, एक हातांसाठी, एक माणसांसाठी. शरीरासाठी म्हणजे अंगणात किंवा घरातल्या घरात ठरलेल्या फेऱ्या. हातांसाठी म्हणजे काहीतरी पुरं होणारं : एक खण आवरणं, दहा पानं वाचणं. माणसांसाठी म्हणजे एक फोन, एक गप्पा, आणि आजाराविषयीच बोललं पाहिजे असं बंधन नाही. बरं वाटेल त्या दिवशी चार दिवसांची कामं उरकायला जाऊ नका, पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कर्करोगातला थकवा झोपून जात नाही, तो थोड्या-थोड्या हालचालीने हटतो. दुपारची झोप अर्ध्या तासात आटोपा.

येणाऱ्यांना आवरण्याचं काम घरातल्या एकाकडे द्या. "आमच्या ओळखीत एकांना असंच झालं होतं, ते बिचारे..." अशी सुरुवात करणाऱ्याला बाहेरच्या खोलीत न्यायची जबाबदारीही त्याचीच.

उदासी आणि नैराश्य यांत फरक करायला शिका. उदासी येते-जाते, नातवंड खोलीत आलं की चेहरा उजळतो. दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, 'मी सगळ्यांना ओझं झालोय' असं सारखं वाटणं, आणि हे सलग दोन आठवडे, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. त्याआधी शारीरिक कारणंही तपासून घ्या : थायरॉइड काढल्यावर कमी पडलेलं हार्मोन, रक्ताची कमतरता, स्टेरॉइड, न आवरलेली वेदना ही सगळी नैराश्याचं सोंग घेतात. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची नशा नसते, पण अचानक बंद करायच्या नसतात. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कर्करोगावरची गोळी चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना आवर्जून सांगा. पॅरॉक्सेटिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या नैराश्याच्या गोळ्यांमुळे शरीरात टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप कमी तयार होतं, आणि दुसरे पर्याय असतात. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं ऐकू आलं तर त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. तसं थेट विचारल्याने कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही.

शरीरसंबंधांबद्दल डॉक्टर बहुधा आपणहून बोलत नाहीत, रुग्ण लाजतो, जोडीदार 'त्रास होईल' म्हणून दूर झोपतो आणि रुग्ण त्याचा अर्थ 'मी नकोसा झालो' असा लावतो. "कधीपासून चालेल?" एवढा प्रश्न वहीत लिहा आणि विचारा. तोवर जवळ झोपायला कोणाची परवानगी लागत नाही.

आणि ते 'सकारात्मक राहिलास तरच बरा होशील'. १९८९ साली एका अभ्यासात गटात बोलून आधार घेणाऱ्या, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रिया जास्त जगल्या असं दिसलं आणि जगभर त्याचा गाजावाजा झाला. त्याच संशोधकाने पुन्हा अभ्यास केला, २००७ मध्ये निकाल आला, आणि आयुष्य वाढल्याचं एकंदरीत दिसलं नाही. अशा गटांत मन हलकं होतं, त्रास कमी होतो, त्यासाठी जरूर जा. पण वाईट दिवशी रडलात म्हणून गाठ परत येईल, हा हिशोब डोक्यातून काढून टाका.

पायरी ९ : सोबत करणाऱ्याचाही थर्मामीटर

वर सांगितलेली ० ते १० ची पट्टी सेवा करणाऱ्यानेही आठवड्यातून एकदा भरावी. सलग तीन रात्री जागलेला माणूस चौथ्या रात्री औषधांच्या वेळा चुकवतो. पाळी बदला. "काही लागलं तर सांगा" म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे काम सांगा : बुधवारी रात्री झोपायला ये.

पायरी १० : फॉलोअप

आजार परत येण्याची भीती तपासणीच्या आधीच्या आठवड्यात उसळते. कोणत्या लक्षणांसाठी लगेच फोन करायचा, उदाहरणार्थ ३८ अंश सेल्सियसवर ताप, जखमेतून पू किंवा रक्त, आणि कोणती पुढच्या भेटीपर्यंत थांबली तरी चालतील, ही यादी डॉक्टरांकडून लिहून घ्या. म्हणजे पाठीतली प्रत्येक उसण रात्रभर जागवणार नाही. नवं दुखणं दोन आठवडे टिकलं तर मात्र भेटीची वाट न बघता कळवायचं.

फॉलोअपच्या आदल्या रात्री झोप लागली नाही तरी चालेल. वही, जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांची यादी एका पिशवीत भरून दाराशी ठेवा आणि आडवे व्हा.